भीतीचं चित्र काढायचं कसं? अल्बेर्तो ब्रेच्चा समजून घेताना

नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये 'द एटर्नॉट' नावाची अर्जेंटिनाची सिरीज आली. ब्युनॉस आयर्स शहरावर अचानक बर्फ पडायला लागतो आणि तो ज्याच्या अंगाला लागेल तो माणूस जागच्या जागी मरतो, अशी सुरुवात. ती ज्या कॉमिकवरून घेतली ते १९५७ ते १९५९ या काळात तिथल्या एका साप्ताहिकात क्रमशः यायचं, लेखक एक्तोर हेर्मान ओस्टरहेल्ड आणि चित्रकार फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ. एवढं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, ओस्टरहेल्डने हीच कथा 'हेन्ते' नावाच्या खपाऊ साप्ताहिकासाठी पुन्हा लिहिली, या वेळी चित्रं दुसऱ्याच माणसाने काढली, आणि वाचकांकडून इतक्या तक्रारी आल्या की साप्ताहिकाने गोष्ट घाईघाईत गुंडाळायला लावली आणि वर वाचकांची जाहीर माफी मागितली. तो दुसरा माणूस म्हणजे अल्बेर्तो ब्रेच्चा.

आज अर्जेंटिना, इटली, फ्रान्स, स्पेन इथले कॉमिक्सवाले ब्रेच्चाचं नाव गुरुस्थानी घेतात, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आइस्नर हॉल ऑफ फेममध्येही, म्हणजे कॉमिक्समधल्या मोठ्या लोकांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं. पण कुठेही त्याच्याबद्दल वाचायला गेलं की 'ग्रेट', 'मास्टर', 'प्रायोगिक' असे शब्द येतात आणि माणूस नेमकं काय करायचा हे शेवटपर्यंत कळत नाही. मला तो प्रचंड आवडतो, आणि त्याचं मोठेपण साध्या भाषेत सांगता येतं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी कॉमिकच्या चित्राचं एक बेसिक बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळातली कॉमिक्स स्वस्त कागदावर काळ्या शाईत छापली जायची, करडी छटा छापायची धड सोय नसायची. कागद पांढरा, शाई काळी, मधलं काही नाही. मग सावली दाखवायची तर बारीक रेघांची जाळी मारायची, केस, कपडा, भिंत, धूर सगळं त्या दोन रंगांतच बसवायचं. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून रिप किर्बी वाचलेल्यांना हा प्रकार डोळ्यांसमोर येईल, स्वच्छ रेघ, नीटनेटके चेहरे, कोण कुठे उभा आहे हे एका नजरेत कळणार. अमेरिकन वर्तमानपत्री स्ट्रिप्सची ही पद्धत जगभर पोचली होती आणि अर्जेंटिनातले चित्रकारही तीच गिरवत होते. चित्रकाराने एकदा आपली रेघ बसवली की आयुष्यभर तीच चालवायची, कारण दर आठवड्याला पानं द्यायची असतात, वाचकाला ओळखीचा हात हवा असतो आणि संपादकालाही तेच सोयीचं असतं. ब्रेच्चाने नेमकं हेच मोडलं. गोष्ट बदलली की तो हात बदलायचा, हत्यारं बदलायचा, कधीकधी एकाच पानात बदलायचा. त्याच्या मते चित्र कसं काढायचं हे चित्रकाराच्या सवयीने ठरत नाही, गोष्टीने ठरतं. त्याचं सगळं करिअर या एका हट्टाभोवती फिरतं.

हा हट्ट काही पहिल्या दिवसापासून नव्हता. ब्रेच्चाचा जन्म १५ एप्रिल १९१९ चा, उरुग्वेतल्या मोंतेविदेओचा, पण तीन वर्षांचा असतानाच घरचे ब्युनॉस आयर्सला आले आणि तो वाढला मातादेरोस या भागात. मातादेरोस म्हणजे शहराच्या कडेची कत्तलखान्यांची वस्ती, कामगारांची घरं, गुरांचा बाजार. पोरगेलेपणी त्याने वजडी साफ करायच्या कारखान्यात काम केलं, आणि त्या कामातून सुटका व्हावी म्हणून तो चित्रांकडे वळला, आर्ट स्कूल वगैरे काही नाही. साधारण १९३८-३९ पासून त्याची चित्रं छापून यायला लागली. पुढे 'पातोरुसीतो' या लोकप्रिय मॅगझिनमध्ये त्याला 'वितो नेर्वियो' ही डिटेक्टिव्ह मालिका मिळाली आणि चाळीसच्या दशकाच्या मध्यापासून पन्नासचं दशक संपेपर्यंत तो तीच काढत होता. काम चांगलंच आहे, हाणामाऱ्या, टोप्या, सिगरेटचा धूर, सगळं व्यवस्थित. पण ब्रेच्चाचं नाव त्याच्यासाठी कोणी काढत नाही आणि नवीन वाचकानेही तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एक प्रसंग घडला, जो ब्रेच्चा स्वतःच मुलाखतींमध्ये सांगायचा. चाळीसचं दशक संपता संपता इटलीहून काही तरुण चित्रकार कामासाठी ब्युनॉस आयर्समध्ये आले होते, त्यातला एक ह्यूगो प्रॅट, ज्याने पुढे 'कोर्तो मालतेसे' हे पात्र निर्माण करून नाव कमावलं. या प्रॅटने ब्रेच्चाला तोंडावर सुनावलं की तुला याच्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं आणि तू पैशासाठी भिकार काम करत बसलायस, आणि शब्द याहून पुष्कळ शिवराळ होते. ब्रेच्चाला राग आला, पण ते लागलंही. त्यानंतर १९५८ मध्ये त्याने ओस्टरहेल्डबरोबर 'शेरलॉक टाइम' केलं. नोकरीतून रिटायर झालेला एक एकटा माणूस ब्युनॉस आयर्सजवळ सान इसिद्रोला जुनं मोठं घर घेतो आणि त्या घराचा मनोरा म्हणजे प्रत्यक्षात अवकाशयान निघतं. इथे पहिल्यांदा ब्रेच्चाच्या पानावर काळा रंग पसरायला लागतो. खोलीचा अर्धा भाग अंधारात, माणसाचा अर्धा चेहरा गायब, आणि वाचणाऱ्याला सारखं वाटत राहतं की त्या काळ्या भागात काहीतरी आहे.

खरा स्फोट झाला तो १९६२ ते १९६४ या काळात, 'मिस्तेरिक्स' मॅगझिनमध्ये आलेल्या 'मॉर्ट सिंडर'मध्ये. लेखक पुन्हा ओस्टरहेल्ड. लंडनमध्ये जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा एझ्रा विन्स्टन नावाचा म्हातारा आहे, त्याची गाठ पडते मॉर्ट सिंडर नावाच्या माणसाशी, जो मरतो आणि परत येतो, पुन्हा मरतो, पुन्हा येतो, शतकानुशतकं हेच चाललंय. बॅबेलचा मनोरा बांधताना तो तिथे होता, ग्रीकांच्या थर्मोपिलीच्या लढाईत होता, गुलामांच्या जहाजावर होता, तुरुंगात होता. दुकानात एखादी जुनी वस्तू हाताला लागते आणि त्यातून त्याची आठवण सुरू होते. म्हाताऱ्या विन्स्टनला ब्रेच्चाने स्वतःचाच चेहरा दिला, वयाने वाढवून, तेव्हा तो स्वतः जेमतेम त्रेचाळीसचा होता. मॉर्टचा चेहरा मात्र त्याला सापडेना. मालिका त्याच्या नावाची, पण तो कसा दिसतो हेच ठरेना, म्हणून ओस्टरहेल्डला सुरुवातीचे हप्ते लांबवावे लागले आणि मॉर्टची एंट्री पुढे ढकलावी लागली. शेवटी ब्रेच्चाने आपल्या असिस्टंटचा, ओरासियो लालियाचा, चेहरा घेतला. हजारो वर्षं जगलेल्या माणसाचा चेहरा असा कुठलाही चालणारच नव्हता, आणि त्यासाठी छापखाना खोळंबला तरी चालेल असं वाटणारे लेखक आणि चित्रकार त्या काळात एकत्र होते हे मला फार मोठं वाटतं.

'मॉर्ट सिंडर'चं पान जवळून बघितलं तर काय दिसतं ते सांगतो. सुरुवातीच्या 'शिशाचे डोळे' या भागात विन्स्टनच्या मागे काही माणसं लागतात, त्यांच्या डोळ्यांत जीव नाही, नुसतं शिसं. आता साधा चित्रकार काय करेल, भयानक चेहरा काढेल, दात काढेल. ब्रेच्चा धुकं काढतो, झाडाच्या फांद्या काढतो, आणि त्यात मध्येच पांढऱ्या डागासारखे दोन डोळे. बाकी शरीर आजूबाजूच्या काळ्यात मिसळून गेलेलं. माणूस कुठे संपतो आणि रात्र कुठे सुरू होते हे कळत नाही, त्यामुळे वाचक स्वतः शोधत बसतो, आणि शोधताना घाबरतो. दुसरी गोष्ट म्हणजे विन्स्टनच्या सुरकुत्या. त्या नुसत्या ब्रशच्या रेघा नाहीत. ब्रेच्चा या काळात दाढीचं ब्लेड हत्यार म्हणून वापरायचा, शाई ब्लेडने ओढायची, वाळलेली खरवडायची. ब्लेडचा फटकारा ब्रशसारखा गोलाईदार येत नाही, तो तुटक येतो, कडा फाटलेली राहते, आणि त्यामुळे दगड दगडासारखा, जुनं लाकूड जुन्या लाकडासारखं आणि म्हातारी कातडी खरंच वापरून झिजल्यासारखी दिसते. वस्तूचा पोत दाखवायला त्याने हत्यार बदललं, एवढी साधी गोष्ट आहे, पण त्या काळात साप्ताहिक मुदतीवर काम करणाऱ्या माणसाने हे करणं म्हणजे कमालच.

हे सगळं चाललं तेव्हा त्याची बायको गंभीर आजारी होती, औषधांचा खर्च होता, आणि मॅगझिनचं मानधन काही फार नव्हतं. मालिका संपल्यावर तो काही वर्षं कॉमिक्सपासून लांबच राहिला आणि शिकवण्यावर घर चालवलं. आधी एस्कुएला पानामेरिकाना दे आर्ते या संस्थेत, मग १९६६ पासून काही मित्रांबरोबर स्वतः काढलेल्या संस्थेत. याच्याबद्दल लोक एका ओळीत लिहून मोकळे होतात, पण त्याच्या प्रभावाची अर्धी गोष्ट इथेच आहे. पानामेरिकानात शिकलेला होसे मुन्योज पुढे युरोपात गेला आणि कार्लोस साम्पायो या लेखकाबरोबर त्याने 'अलॅक सिनर' ही डिटेक्टिव्ह मालिका केली, नुसते काळे-पांढरे ठोकळे, विद्रूप चेहरे, गर्दी. अमेरिकेत फ्रँक मिलरने नव्वदच्या दशकात 'सिन सिटी' काढलं तेव्हा त्याच्यावर मुन्योजची छाप आहे हे जाणकारांनी लगेच ओळखलं. म्हणजे 'सिन सिटी'चा सिनेमा पाहून ज्यांना ते काळं-पांढरं रूप भारी वाटलं, त्यांनी नकळत ब्रेच्चाच्या वर्गातल्या धड्याची नातवंडं पाहिलीत.

१९६८ च्या सुरुवातीला, चे गेवारा मारला गेल्यावर काही महिन्यांतच, ओस्टरहेल्डने लिहिलेलं चेचं चरित्र कॉमिक रूपात आलं. चित्रं अल्बेर्तो ब्रेच्चा आणि त्याचा मुलगा एन्रिके यांची. बापाने चेचं आयुष्य काढलं आणि बोलिव्हियातले शेवटचे दिवस मुलाने काढले, मुलाची शैली एकदम वेगळी, लाकडाच्या ठशासारखी. अर्जेंटिनात तेव्हा जनरल ओंगानियाची लष्करी राजवट होती. पुस्तक जप्त झालं, मूळ चित्रं नष्ट केली गेली, आणि १९८७ मध्ये स्पेनमध्ये ते पुन्हा निघालं ते वाचलेल्या छापील प्रतीवरून.

आणि मग १९६९ चं ते 'एटर्नॉट'. नव्या आवृत्तीत ओस्टरहेल्डने एक मोठा बदल केला होता, परग्रहावरून हल्ला होतो तेव्हा बड्या देशांनी आधीच सौदा केलेला असतो आणि दक्षिण अमेरिका हल्लेखोरांना देऊन टाकलेली असते. 'हेन्ते' हे सेलिब्रिटी, फॅशन, गॉसिप छापणारं साप्ताहिक, त्यात हे असलं राजकारण, आणि त्यावर ब्रेच्चाची चित्रं, ज्यात फोटोंचे तुकडे आहेत, डाग आहेत, खरखरीत पोत आहेत, चेहरे निम्मे विरघळलेले आहेत. वाचकांना काहीच कळेना. मालकांनी आटपायला सांगितलं, ओस्टरहेल्डने उरलेली सगळी गोष्ट मजकुराचे ठोकळे टाकून थोड्या पानांत कोंबली. ते संपूर्ण वाचलं तर शेवट घाईचा झालाय हे दिसतंच, कथा म्हणून १९५७ चीच जास्त पकड घेते असं मला वाटतं. पण पहिल्या काही पानांतला बर्फ बघा. सोलानो लोपेझचा बर्फ हा बर्फ आहे, सुंदर पांढरे ठिपके. ब्रेच्चाचा बर्फ बघितल्यावर तो हाताला लागू नये असं वाटतं.

यानंतर त्याने जे केलं ते मला त्याच्या कामातलं सगळ्यात धाडसाचं वाटतं. १९७३ च्या सुमारास त्याने नोर्बेर्तो बुस्काल्याच्या मदतीने एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथा कॉमिकमध्ये आणायला घेतल्या, 'डनविच', 'इन्समाउथ', 'क्थुल्हू' वगैरे, आणि त्या छापल्या इटलीतल्या 'इल मागो' मॅगझिनने. लव्हक्राफ्ट वाचला असेल तर अडचण लगेच लक्षात येईल. त्याच्या गोष्टीतला प्राणी हा कायम 'वर्णन करता न येणारा', 'नाव न देता येणारा' असतो. शब्दांत हे चालून जातं, पण चित्रात काहीतरी काढावंच लागतं, आणि काढलं की ते खोटं वाटतं, ऑक्टोपससारखं काहीतरी हिरवं, बघून हसूच येतं. ब्रेच्चाने यावर मार्ग असा काढला की माणसं, घरं, रस्ते हे ओळखू येतील असे ठेवायचे आणि राक्षस मात्र आकाराचाच ठेवायचा नाही. तो नुसता पोत. कुठे मोनोटाइप वापरला, म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर शाई पसरायची, त्यावर कागद दाबायचा आणि उचलायचा, जे उमटेल ते एकदाच उमटतं, पुन्हा तसंच काढता येत नाही. कुठे कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, कुठे शाई ओघळू दिलेली. तो स्वतः म्हणायचा की मला माझा राक्षस वाचकावर लादायचा नव्हता, बिनआकाराचं काहीतरी द्यायचं होतं, ज्यात प्रत्येकाने आपापली भीती घालावी. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडे रात्री बघत राहिलं की त्या डागांत चेहरे दिसायला लागतात ना, अगदी तसंच ही पानं बघताना होतं, आणि प्रत्येकाला वेगळं दिसतं.

त्याच सुमारास त्याने एडगर अ‍ॅलन पोची 'टेल-टेल हार्ट' केली आणि तिथे बरोबर उलटं केलं. ना पोत, ना कोलाज, ना ओघळ. सपाट काळा, सपाट पांढरा, आणि तेच तेच पॅनेल, म्हणजे चित्राची चौकट, परत परत. खुनी म्हाताऱ्याच्या खोलीपाशी रोज रात्री जातो, तर चित्र तेच, थोडासा फरक, पुन्हा तेच. कारण ही गोष्ट एका वेड्या माणसाच्या डोक्यात एकच विचार ठोके मारत राहण्याची आहे, तिला ठेका हवा, पोत नको. ही दोन कामं शेजारीशेजारी ठेवली तर एकाच माणसाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

कार्लोस त्रियोबरोबर त्याने 'उन ताल दानेरी' केलं, लहानपणीच्या मातादेरोसमध्ये घडणाऱ्या कडवट गोष्टी, त्या छोट्या आहेत आणि मला प्रिय आहेत. पण तोपर्यंत देशात अंधार झाला होता. २४ मार्च १९७६ ला लष्कराने सत्ता घेतली आणि माणसं घरातून, रस्त्यावरून उचलून नेली जायला लागली, ती परत आलीच नाहीत. ओस्टरहेल्ड मोंतोनेरोस या बंडखोर संघटनेत गेला होता, १९७७ मध्ये त्याला उचललं. त्याच्या चारही मुली, एस्तेला, दियाना, बेआत्रिस आणि मारिना, याच काळात मारल्या गेल्या किंवा बेपत्ता झाल्या. बायको एल्सा मागे राहिली. ज्या माणसाबरोबर ब्रेच्चाने आपलं सगळ्यात चांगलं काम केलं त्याचा मृतदेहसुद्धा मिळाला नाही. ब्रेच्चा ब्युनॉस आयर्समध्येच राहिला आणि काढत राहिला.

या काळाचं चित्र म्हणजे 'पेरामुस', लेखक हुआन सास्तुराइन. हुकूमशाही संपत आली असताना सुरू केलेलं आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत चाललेलं हे चार भागांचं काम. सुरुवातच जीव पिळवटणारी आहे. सैनिक घरावर येतात, एक माणूस झोपलेल्या साथीदारांना सोडून पळून जातो, आणि ती लाज सहन होत नाही म्हणून सगळं विसरून जायचा पर्याय निवडतो. आता त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, अंगावरच्या रेनकोटवरच्या लेबलावर जे नाव आहे तेच तो घेतो. राज्य करणारे मार्शल म्हणजे कवट्यांचे चेहरे. पुढे त्याला साथीदार मिळतात, आणि त्यांना वाट दाखवणारा आंधळा म्हातारा म्हणजे चक्क अर्जेंटिनाचा थोर लेखक होर्हे लुइस बोर्हेस. खऱ्या बोर्हेसने मे १९७६ मध्ये हुकूमशहा विदेलाबरोबर जेवण घेतलं होतं आणि त्यावरून त्याच्यावर टीका झाली होती, पुढे त्याने बेपत्ता लोकांसाठी आवाजही उठवला. सास्तुराइन आणि ब्रेच्चाने त्याला आपल्या बाजूला बसवलं, आणि मला ते क्षमेसारखं वाटतं.

'पेरामुस'चा रंग करडा आहे. 'मॉर्ट सिंडर'मध्ये काळं आणि पांढरं एकमेकांवर आदळतं, इथे सगळं पाण्याने पसरवलेलं, धुवट, राखेसारखं, मध्येच कागदाचे चिकटवलेले तुकडे, पांढरा रंग वरून फासलेला. कारण ही गोष्ट विसरण्याची आहे, आणि ज्या शहरात शेजारचं घर एका रात्रीत रिकामं होतं आणि सकाळी कोणी काही विचारत नाही, त्या शहरात कडा स्पष्ट राहत नाहीत. शेवटच्या भागात ही मंडळी टँगो गायक कार्लोस गार्देलचे दात शोधत जगभर फिरतात, त्याचं हसू पुन्हा जुळवायला, आणि एवढ्या काळोखातून ब्रेच्चा शेवटी विनोदापर्यंत येतो. या कामाला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा पुरस्कारही मिळाला.

ऐंशीच्या दशकातच त्याने ड्रॅक्युलावर छोट्या गोष्टी केल्या, एकही शब्द नाही आणि रंग एकदम भडक. त्यातल्या एका गोष्टीत ड्रॅक्युला हुकूमशाहीतल्या शहरात फिरतो आणि माणसांनीच सांडलेलं रक्त इतकं असतं की त्याच्यासारख्याला तिथे कामच उरत नाही. शेवटचं मोठं काम एर्नेस्तो साबातोच्या कादंबरीतल्या आंधळ्यांवरच्या प्रकरणावर. १० नोव्हेंबर १९९३ ला ब्रेच्चा ब्युनॉस आयर्समध्ये वारला. एन्रिके, पात्रिसिया आणि क्रिस्तिना ही तिन्ही मुलंही कॉमिक्सच काढत आली.

वाचायचं असेल तर इंग्रजीत आता सोय झाली आहे, फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने 'मॉर्ट सिंडर' २०१८ मध्ये आणि 'पेरामुस' २०२० मध्ये काढलं. 'मॉर्ट सिंडर'पासून सुरुवात करा, 'शिशाचे डोळे' हा भाग, आणि शक्यतो कागदावर, मोबाइलच्या स्क्रीनवर तो काळा रंग मेल्यासारखा दिसतो. प्रत्येक पान आधी मजकूर न वाचता नुसतं बघा, डोळे कुठे अडकतात ते बघा, मग वाचा. त्यानंतर थर्मोपिलीचा भाग. लव्हक्राफ्टच्या गोष्टी मात्र मूळ कथा वाचून झाल्यावरच घ्या, कारण ब्रेच्चा तिथे गोष्ट समजावून सांगत नाही, ती आपल्याला माहीत आहे असं धरून चालतो.